डोंगरीच्या कोठडीतला हॅम्लेट

माझी नात यंदा दहावीला आहे. इंग्रजीच्या पेपराला तिला शेक्सपियरचे 'ज्युलियस सीझर' हे अख्खे नाटक नेमलेले आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या या अवघड इंग्रजीचा उपयोग काय, असे तिने परवा जेवताना विचारले. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवले, तरी तिला पटेल असे उत्तर मला चटकन सुचेना. मग मी तिला गोपाळ गणेश आगरकरांविषयी सांगू लागलो.

आगरकर म्हटले की आपल्याला बुद्धिवादी समाजसुधारक आठवतो. इंग्रजीचा व्यासंगी आगरकर मात्र मागेच राहतो. १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मलेल्या या मुलाने शिक्षणासाठी काय केले नाही? कचेरीत उमेदवारी केली, कंपाउंडरकी केली, रत्नागिरीपर्यंत पायपीट केली. अखेर अकोल्याला बस्तान बसले. तिथे त्यांना विष्णू मोरेश्वर महाजनींसारखे शिक्षक लाभले. याच महाजनींनी १८७९ साली शेक्सपियरचे 'सिंबेलिन' हे नाटक 'तारा' या नावाने मराठीत आणले. मास्तरांचे वेड विद्यार्थ्यांना लागते, हे मी स्वतः पाहिले आहे.

पुढे पुण्याचे डेक्कन कॉलेज, एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालण्याचे दिवस आणि टिळकांची मैत्री. सरकारी नोकरी करायची नाही, हा निश्चय दोघांनी तिथेच केला. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. एम. ए. होऊन आगरकरही तिथे मास्तर झाले. १८८१ साली 'केसरी' निघाला, त्याचे पहिले संपादक आगरकरच.

कोल्हापूरच्या दिवाणाविरुद्धच्या मजकुरावरून खटला झाला आणि १८८२ साली टिळक-आगरकर मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात गेले. एकशे एक दिवस. रात्री दोघांचे वाद इतके रंगत की पहारेकऱ्यांना दटावावे लागे. याच कोठडीत आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत उतरवायला घेतले. 'विकारविलसित' या नावाने ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. शाहूनगरवासी मंडळींनी ते रंगभूमीवर आणले आणि गणपतराव जोशींचा चंद्रसेन, म्हणजे आपला हॅम्लेट, महाराष्ट्राने डोक्यावर घेतला.

मला इथे थोडे थांबावेसे वाटते. हॅम्लेटचा संताप कशाचा? बाप मरून दोन महिने होत नाहीत तोच आईने दुसरे लग्न केले, याचा. आणि हा संताप मराठीत आणणारा गृहस्थ कोण? पुढे विधवाविवाहासाठी ज्याने शिव्याशाप झेलले तो! आईला दूषणे देणाऱ्या मुलाची बाजू त्यांना शब्दाशब्दाने मांडावी लागली, इतकेच नव्हे तर भावाचा खून करून प्रार्थनेला बसलेल्या राजाचीही. नाटक शिकण्यात हेच तर असते. मीही सुरुवातीची काही वर्षे वर्गात नोट्स उतरवून देत असे, आज त्याची लाज वाटते. नंतर मी मुलांना एक दिवस ब्रूटस करायचो आणि दुसऱ्या दिवशी अँटनी. कालचा ब्रूटस आज त्याच त्वेषाने उलटे बोलू लागला की वर्ग गप्प होई.

मैत्रीचे पुढे काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. सामाजिक सुधारणांवरून बिनसले, १८८७ साली आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ साली 'सुधारक' काढला. सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, पण दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

मग त्या दोघांचे भांडण मिटलेच नाही का, असे नातीने विचारले. टिळकांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहिला आणि लिहिताना त्यांचे डोळे वाहत होते, असे सांगतात, एवढेच मी म्हणालो. ती काही बोलली नाही. रात्री पाणी प्यायला उठलो तर तिच्या खोलीत दिवा दिसला. चौथ्या अंकातला तंबूचा प्रवेश ती मोठ्याने वाचत होती. ब्रूटस आणि कॅशिअस, दोघे जिवलग मित्र, तिथे कडाकडा भांडतात. ब्रूटसचे बोलणे ती एका आवाजात वाचत होती, कॅशिअसचे दुसऱ्या.