पाटीलबावा महादजी शिंदे

आगरा आणि झाशीच्या दरम्यान रेल्वेत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला महादजी शिंदे टाळता येत नाहीत. आगऱ्याला त्यांचा तोफा ओतण्याचा कारखाना, ग्वाल्हेरला किल्ला, त्याच्या दक्षिणेला तहाचे सालबाई गाव. ऑफिसातले अमराठी सहकारी विचारतात की हे शिंदे मूळचे इथलेच ना? म्हणून हा लेखनप्रपंच.

घराणे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडच्या पाटलांचे. राणोजी शिंदे यांचे महादजी हे धाकटे पुत्र. थोरले बंधू जयाप्पा 1755 मध्ये नागोरला दग्याने मारले गेले. दत्ताजी 10 जानेवारी 1760 रोजी बुराडी घाटावर पडले. 14 जानेवारी 1761 च्या पानिपतात तुकोजी गेले, पुतणे जनकोजीही गेले. स्वतः महादजींच्या पायावर पाठलाग करणाऱ्या पठाणाने कुऱ्हाड घातली व मेला समजून सोडून दिले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून दक्षिणेत आणले. पाय कायमचा अधू झाला. राणेखानाला मात्र त्यांनी भाऊ मानले, आणि ते नाते नुसते तोंडदेखले नव्हते.

घराण्याची सरदारी हाती येण्यासही काही वर्षे झगडावे लागले. 1771 मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि परागंदा बादशहा शाह आलम याला पुन्हा तख्तावर बसवले. पानिपतानंतर अवघ्या दहा वर्षांत!

जानेवारी 1779 ची वडगावची लढाई मला फार आवडते. मुंबई-पुणे लोहमार्गावर कान्हे व तळेगावच्या मध्ये वडगाव स्टेशन लागते, तेच हे गाव. राघोबादादांना घेऊन इंग्रज घाट चढून आले. तोफा, सामान, हजारो बैल. दिवसाला जेमतेम मैल-दोन मैल चाल. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई दिली नाही. वाटेतला दाणागोटा नाहीसा केला, तळेगाव जाळले. उपाशी फौज परत फिरली आणि वडगावला घेरली गेली. जड तोफा तळ्यात टाकूनही तिला निसटता आले नाही, तह करावा लागला. रसद तुटली की उत्तम तोफही ओझे होते, हे मालगाड्यांशी रोजचा संबंध असणाऱ्यांना सांगायला नको.

पुढच्याच वर्षी इंग्रजांनी रात्री शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. अखेर 17 मे 1782 रोजी सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, राघोबांना पेन्शन मिळाली, आणि दोन्ही पक्षांमधले जामीनदार ठरले महादजी.

त्यानंतर त्यांनी सव्वायचा डी बॉईन याला चाकरीस ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या. आधी फक्त दोन. प्रत्येक पलटणीला स्वतःच्या तोफा, आणि पगार वेळेवर मिळावा म्हणून दुआबातील मुलूख लावून दिलेला. माझ्या मते कवायतीपेक्षा हा पगारच महत्त्वाचा. कारण 1787 मध्ये लालसोटला बादशाही पलटणी ऐन वेळी शत्रूला मिळाल्या होत्या व महादजींना मागे हटावे लागले होते.

ती संधी साधून गुलाम कादिर दिल्लीत घुसला आणि त्याने ऑगस्ट 1788 मध्ये शाह आलमचे डोळे काढले. ऑक्टोबरात मराठी फौजेने दिल्ली परत घेतली. त्या फौजेचा सरदार होता राणेखान, पानिपतचा तोच भिस्ती.

1790 मध्ये पाटण आणि मेडता येथे नव्या पलटणींनी राजपूत घोडदळाचा पाडाव केला. पण 1793 मध्ये लाखेरीला याच तोफा होळकरांच्या फौजेवर चालल्या. मराठ्यांच्या दोन्ही बाजूंस फिरंगी कवायतदार होते. त्या विजयाचा अभिमान मला तरी वाटत नाही.

महादजी त्या वेळी पुण्यात होते. बादशहाने दिलेली वकील-इ-मुतलकीची सनद त्यांनी 1792 मध्ये सवाई माधवराव पेशव्यांना अर्पण केली होती. दिल्लीचा कारभार चालवूनही ते स्वतःला पाटीलच म्हणवीत. 12 फेब्रुवारी 1794 रोजी पुण्याजवळ वानवडीला ते वारले. तिथे त्यांची छत्री आहे. त्यांना पुत्र नव्हता. दत्तक दौलतराव गादीवर आले, आणि 1803 मध्ये लॉर्ड लेक चालून आला तेव्हा पलटणींचे कित्येक इंग्रज अधिकारी कंपनीकडे निघून गेले. सेनापती पेराँही इंग्रजांच्या आश्रयाला गेला. पलटणी मात्र लासवारीला शर्थीने लढल्या.

डी बॉईन त्याआधीच, 1795 मध्ये, नोकरी सोडून मायदेशी गेला होता. फ्रान्समधील चांबेरी या त्याच्या गावी आजही त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचे कारंजे उभे आहे.