कायद्यानंतरचे घर : डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी

निराधार मुलांविषयीच्या शासकीय धोरणाचा इतिहास आपण बहुधा कायद्यांच्या सनावळीतून सांगतो. मद्रास प्रांताचा बालक अधिनियम १९२०चा, बंगालचा १९२२चा, मुंबईचा १९२४चा. पुढे १९८६, २००० आणि २०१५ या वर्षांचे केंद्रीय बालन्याय अधिनियम. कायद्याने सोडवलेले मूल त्या रात्री कोठे झोपते, याचे उत्तर मात्र या सनावळीत सापडत नाही. ते शोधताना मला डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचे चरित्र सर्वांत उपयोगी वाटते.

त्यांचा जन्म ३० जुलै १८८६ रोजी पुदुकोट्टै संस्थानात झाला. वडील नारायणस्वामी अय्यर हे तेथील महाराजा महाविद्यालयाचे प्राचार्य; आई चंद्रम्माळ देवदासी परंपरेतील घराण्यातल्या. मुलांच्या त्या महाविद्यालयात एका मुलीला, तीही अशा घरातली, प्रवेश देण्यास विरोध झाला. संस्थानाधिपतींनी तो मानला नाही. १९१२ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजातून त्या वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या. जन्मावरून दार बंद होणे म्हणजे काय, याचा अनुभव त्यांनी शालेय वयातच घेतला होता आणि त्यांच्या पुढील सार्वजनिक कार्याचा धागा तेथूनच निघतो.

१९२७ मध्ये मद्रास विधान परिषदेवर त्यांची नियुक्ती झाली आणि सभागृहाने त्यांना उपाध्यक्षपदी निवडले. मंदिरांना मुली वाहण्याची प्रथा बंद करावी, यासाठी त्यांनी तेथे ठराव मांडला. १९२९च्या दुरुस्तीने देवदासींकडील इनाम जमिनी मंदिरसेवेच्या अटीतून मुक्त झाल्या. म्हणजे सेवा सोडली तरी उपजीविका जाणार नाही, एवढी तजवीज झाली. या मोहिमेला देवदासींच्या संघटनांचाही विरोध होता, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. आपली कला, मालमत्तेवरील आपला हक्क आणि आपली प्रतिष्ठा यांचे काय, असा त्यांचा प्रश्न होता. तो गैरलागू नव्हता. मुली वाहण्यास बंदी घालणारे विधेयक मुथुलक्ष्मींनी १९३० मध्ये आणले. त्याचा कायदा होण्यास १९४७ साल उजाडले.

त्याच १९३०च्या सुमारास देवदासी परंपरेतून बाहेर पडू पाहणाऱ्या तीन मुली आश्रयासाठी त्यांच्या दाराशी आल्या. शहरात मुलींची वसतिगृहे होती. परंतु ती जातीजातींची होती आणि या मुलींना कोणी ठेवून घेईना. तेव्हा मुथुलक्ष्मींनी त्यांना स्वतःच्या घरी ठेवले. तमिळ कवयित्री अव्वैयार यांच्या नावाने सुरू झालेल्या ‘अव्वै होम’चा हा आरंभ. महात्मा गांधींच्या अटकेच्या निषेधार्थ त्यांनी त्याच वर्षी विधान परिषदेचा राजीनामा दिला होता. सत्तास्थान सुटले आणि मुलींची जबाबदारी वाढत गेली. पुढे संस्था अड्यारला स्थिरावली. कोणत्याही जातीच्या निराधार मुलीला तेथे प्रवेश होता आणि शिकून पायावर उभे राहण्याची सोय होती. १९५४ मध्ये अड्यारलाच सुरू झालेली कर्करोग संस्था, १९५६चे पद्मभूषण, हे सारे त्यांच्या चरित्रात आहेच. २२ जुलै १९६८ रोजी त्या निवर्तल्या.

प्रशासनात काढलेल्या वर्षांमुळे माझे लक्ष या चरित्रातील एका क्रमाकडे जाते. मुली आधी आल्या, संस्था नंतर उभी राहिली आणि प्रथाबंदीचा कायदा त्याहून कितीतरी उशिरा झाला. उपलब्ध संस्थांनी कोणाला नाकारले, यावरून मुथुलक्ष्मींना नव्या संस्थेची गरज कळली.

आजचा २०१५चा अधिनियम मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानतो आणि प्रतिपालक कुटुंबाला, म्हणजे फॉस्टर केअरला, मान्यता देतो. त्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना २०१६ मध्ये आल्या. २०२४ मध्ये त्या सुधारून अविवाहित, विधवा वा घटस्फोटित व्यक्तींनाही प्रतिपालक होण्याची मुभा मिळाली. ‘मिशन वात्सल्य’खाली अशा मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. दिशा योग्य आहे. तरीही वयाने मोठे मूल, अपंग मूल, देहविक्रयाच्या वस्तीतून आलेली मुलगी यांच्यासाठी कुटुंब मिळणे सर्वांत कठीण असते, आणि ती संस्थेच्या दारातूनही परत फिरण्याचा धोका असतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या बालकल्याण समितीने दाखल मुलांच्या संख्येबरोबर नकारांचीही नोंद ठेवावी : कोणत्या मुलाला, कोणत्या संस्थेने वा कुटुंबाने, कोणत्या कारणासाठी घेतले नाही. ही नोंद दर तिमाहीस जिल्हाधिकाऱ्यांसमोर यावी आणि नवी बालगृहे, प्रतिपालक कुटुंबांचे प्रशिक्षण व निधी यांचे नियोजन तिच्या आधारे व्हावे. मद्रासमध्ये १९३० साली अशी नोंद ठेवणारे कोणी नव्हते. त्या तीन मुलींना डॉक्टरांच्या घराचा पत्ता ठाऊक होता, म्हणून त्या वाचल्या.