विक्रम साराभाई आणि थुंब्याचा केशरी मेघ

अहमदाबादचे प्रख्यात गिरणीमालक अंबालाल साराभाई यांच्या घरीं ता. १२ ऑगस्ट १९१९ रोजीं विक्रम यांचा जन्म झाला. घरीं लक्ष्मी पाणी भरीत होती. असा मुलगा सुखांत लोळला असता तरी कोणास नवल वाटलें नसतें. विक्रम मात्र केंब्रिजला जाऊन पदार्थविज्ञान शिकले. महायुद्धामुळें स्वदेशीं परतावें लागलें, तेव्हां बंगलोर येथें सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या देखरेखीखालीं ते विश्वकिरणांचा अभ्यास करूं लागले. पुढें पुन्हां केंब्रिजला जाऊन १९४७ सालीं ते डॉक्टर झाले, व त्याच वर्षीं त्यांनीं अहमदाबादेस भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापिली. त्यांनीं काढलेल्या इतर संस्थांचा विस्तार येथें करीत नाहीं. विद्यार्थ्यांस सांगावयाची आहे ती एका सायंकाळची हकीकत.

१९६२ सालीं सरकारनें अवकाश-संशोधनासाठीं समिति नेमली व तिचें अध्यक्षपद विक्रम यांस दिलें. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तावर सुमारें शंभर किलोमीटर उंचीवर विजेचा एक प्रवाह वाहतो. त्याचा शोध घेण्यास अग्निबाण तेथूनच सोडणें इष्ट होतें. जागा पाहण्याच्या कामीं कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस त्यांचे सहकारी होते, ही आपणां मराठी लोकांस अभिमानाची गोष्ट. त्रिवेंद्रमजवळचें थुंबा हें कोळ्यांचें गांव पसंत पडलें. पण तेथें लोकांचीं घरें होतीं आणि सेंट मेरी मॅग्डलीनचें देवालय होतें. विक्रम स्वतः बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांस भेटले. बिशपांनीं रविवारच्या उपासनेच्या वेळीं ती गोष्ट मंडळीपुढें मांडली व मंडळीनें होकार दिला, असें अब्दुल कलाम सांगत असत. मग बिशपांच्या घरांत कचेरी आली आणि देवालयांत अग्निबाणाचे भाग जोडले जाऊं लागले.

देश दरिद्री, मग हा खर्च कां, असें तेव्हां पुष्कळ जण विचारीत. तो प्रश्न पोकळ नव्हता. चंद्रावर जाण्याच्या चढाओढींत उतरण्याची विक्रम यांस हौस नव्हती. हवामान, शेती व दूरच्या खेड्यांतील शिक्षण यांसाठीं हें शास्त्र त्यांस हवें होतें. तरी कोळ्यांनीं सोडलेल्या घरांची किंमत कोणत्याहि हिशेबांत पुरती मांडतां येत नाहीं, असें मला वाटतें.

ता. २१ नोव्हेंबर १९६३ चा दिवस उजाडला. अग्निबाण अमेरिकेचा होता, त्यांतील सोडियमचें द्रव्य फ्रान्सचें. उचलतांना यंत्रांतील तेल गळून बाण कलूं लागला. शेवटीं माणसांनीं हातांच्या बळावर तो जागीं बसविला. दिवस मावळल्यावर तो सुटला.

वेळ संधिकाळची कां? सूर्य मावळून शिरपुरांत दिवे लागले, तरी सातपुड्याच्या माथ्यावर ऊन थोडा वेळ रेंगाळतें. मग दोनशे किलोमीटर उंचीवर तें किती वेळ राहील! खालीं अंधार आणि वर ऊन, अशा वेळीं बाणानें सोडलेली सोडियमची वाफ त्या उन्हांत केशरी रंगानें तेजाळली. दिवसां ती उजेडांत हरवली असती, मध्यरात्रीं दिसलीच नसती. उफणणी करणारा शेतकरी मूठभर भुसा सोडून वारा पाहतो, तशीच ही युक्ति. फुगे जेथें पोहोंचत नाहींत तेथील वारा त्या मेघास ओढीत वांकडातिकडा करीत होता. दूरदूरच्या ठिकाणांहून एकाच क्षणीं त्याचीं छायाचित्रें घेतलीं जात. मागील ताऱ्यांवरून प्रत्येक ठिकाणची दिशा कळे. दोन दिशा जेथें मिळत, तेथें मेघ. पुढच्या छायाचित्रांत तो किती सरकला, त्यावरून वाऱ्याचा वेग निघे. आकाशांतील ती शोभा हजारों लोकांनीं पाहिली, परंतु शास्त्रज्ञांस खरें काम होतें तें काचेखालीं त्या चित्रांचें मोजमाप घेण्याचें.

ता. ३० डिसेंबर १९७१ रोजीं, थुंब्याच्याच कामासाठीं आले असतां, कोवळम येथें झोपेंत विक्रम यांचें देहावसान झालें. तेव्हां त्यांचें वय अवघें ५२ वर्षांचें होतें. भारतानें स्वतःच्या अग्निबाणानें उपग्रह आकाशांत सोडला तो १९८० सालीं. थुंब्याच्या देवालयाची वास्तु पाडण्यांत आली नाहीं. तींत आतां अवकाश-संग्रहालय आहे.