कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

भीमाशंकराच्या रांगेवर श्रावणातील पावसाने एकदा ठाण मांडले म्हणजे घोड, मीना, कुकडी या नद्यांचे रूप कसे पालटते, हे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील मुलांस सांगावयास नको. अलीकडे मंचर, नारायणगाव यांसारख्या पेठेच्या गावी दुकानांखाली व बंगल्यांखाली तळघरे बांधतात. पावसाळ्यात तेथे जमिनीतील पाणी पाझरते. ते गोळा व्हावे म्हणून एका कोपऱ्यात खड्डा करून त्यात विजेचा पंप सोडतात. व्यवस्था उत्तम खरी. परंतु जे वादळ पाणी आणते तेच विजेची तारही तोडते. पंप मुका होतो, पाणी पायरीमागून पायरी चढते, आणि खालच्या थप्पीतील पोती भिजू लागतात. अशा वेळी पंपास दुसरे कोणते बळ द्यावे, हा प्रश्न पुष्कळ घरी पडतो. यंत्र आणि त्यास चालविणारे बळ यांची सांगड घालण्यातच ज्या पुरुषाचे आयुष्य गेले, त्याचे चरित्र या निमित्ताने सांगावेसे वाटते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म ता. २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. वडील वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचे लक्ष मात्र चित्रांत आणि यंत्रांत. शाळेच्या पुस्तकांत त्याचे मन रमेना. घरच्यांची फारशी संमती नसता तो मुंबईस गेला आणि जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागला. तेथे एक विलक्षण अडचण उभी राहिली. काही रंगांतील भेद त्याच्या डोळ्यांस उमजत नाही असे आढळून आले. रंगांधळ्या चित्रकाराने करावे काय? रंग सोडून त्याने रेषा धरली. यंत्रांच्या आराखड्यांस रंग लागत नाही. त्या विद्येच्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत त्यास शिक्षकाची जागा मिळाली, आणि यंत्रे उलगडून पाहण्याची त्याची भूकही तेथेच भागू लागली.

इ. स. १८८८ मध्ये वडील बंधू रामुअण्णा यांच्यासह बेळगावास सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडाव्या, रामुअण्णांनी त्या विकाव्या आणि गिऱ्हाइकास बसावयासही शिकवावे, असा तो व्यवहार होता. पुढे नोकरीत हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावास परतले. तेथे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि नंतर लोखंडी नांगर घडविला.

हा नांगर विकण्याची कथा मोठी शिकवणारी आहे. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. तोवर कारखानदाराने काय खावे, हा विचार कोणी करीत नाही! तथापि लक्ष्मणरावांची दृष्टी चुकली नव्हती. कडबा कापणारे यंत्र माणसाच्या हाताने फिरत होते आणि नांगर शेतकऱ्याच्या दावणीच्या बैलांनी ओढला जाणार होता. जे बळ गिऱ्हाइकाच्या घरी आधीच आहे, त्यास साजेल असे यंत्र करावयाचे, हा त्यांचा बेत होता. त्यांच्या यशाचे मर्म मला तरी येथेच दिसते.

इतक्यात बेळगावच्या कारखान्याची जागा वस्तीवाढीसाठी नगरपालिकेस हवी झाली. जमलेला संसार उचलावा लागणार, आणि जावे कोठे ते ठाऊक नाही, असा तो प्रसंग होता. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळील ३२ एकरांचा माळ देऊ केला. माळावर निवडुंग आणि साप यांखेरीज काही नव्हते. ता. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशी जिवास जीव देणारी माणसे सोबत होती. ज्यांस समाजाने गुन्हेगार म्हणून दूर लोटले होते, अशांच्या हाती लक्ष्मणरावांनी वसाहतीचा पहारा दिला, आणि तो विश्वास वाया गेला नाही. वसाहतीत अस्पृश्यतेस थारा नव्हता.

१९१४ च्या महायुद्धात परदेशी मालाची आवक मंदावली आणि देशी नांगरास मागणी आली. मग उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे असा पसारा वाढत गेला. इ. स. १९२६ मध्ये किर्लोस्करवाडीस केंद्रोत्सारी पंप तयार झाला. हा पंप म्हणजे शंखाच्या आकाराच्या घरात वेगाने फिरणारे एक पंखचक्र. ते पाण्यास बाहेर फेकते, आणि मागे झालेली पोकळी भरून काढण्यासाठी खालचे पाणी नळातून वर येते. मात्र नळात हवा राहिली तर चक्र नुसतेच फिरते. म्हणून आरंभी त्यात पाणी भरावे लागते, आणि ते उतरून जाऊ नये यासाठी नळाच्या तळाशी झडप असते.

येथे जुना बेत अपुरा पडला. एवढा वेग हातास किंवा बैलास साधत नाही. आपल्या तालुक्यांतील विहिरींवर तेव्हा मोट चाले. बैल थकत, पण तारेवाचून कधी अडत नसत! पंपास मात्र इंजीन किंवा विजेची मोटार हवी. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आले होते. पितापुत्रांच्या हयातीत इ. स. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीस ऑइल इंजिनांचा आणि बंगलोरास विजेच्या मोटारींचा कारखाना, असे दोन्ही उद्योग उभे राहिले. मोट गेली, इंजीन आले, वीज येताच इंजीन गोठ्याच्या कोपऱ्यात गेले. तारेवर विसंबलेल्या आजच्या तळघरास त्याचीच आठवण होते.

पालकांसाठी थोडा हिशेब येथे देतो. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप सुमारे ६०० वॅट वीज घेतो, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या तिप्पट-चौपट किंवा त्याहूनही अधिक. इन्व्हर्टर हा धक्का सोसणारा असावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,८०० वॅट-तास साठतात. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिती करू नये, आणि मध्ये थोडी गळती होते, म्हणजे हाती ७५० च्या आसपास उरतात. पंप अखंड चालला तर हे सव्वा तासात संपते. तासातून दहा मिनिटेच चालला तर सुमारे सात तास पुरते. म्हणून आपला पंप पावसात तासातून किती मिनिटे चालतो, ते आधी घड्याळ लावून पाहावे.

जनित्र किंवा इंजीन तेल आहे तोवर थकत नाही. घाटाकडील गावी वीज दोन दोन दिवस येत नाही, तेथे त्यावाचून गत्यंतर नाही. परंतु ते सुरू करावयास माणूस जागा हवा. त्याच्या धुरातील विषारी वायूस रंग नाही, वास नाही. तळघरात किंवा खिडकीलगत ते चालविणे म्हणजे जिवाशी खेळ. घराच्या तारा जनित्रास जोडताना चेंजओव्हर स्विच असलाच पाहिजे, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या तारमास्तराच्या प्राणावर बेतेल. माझ्या मते, फ्लोटने आपोआप सुरू होणारा पंप बॅटरीवर ठेवून पहिले काही तास निभवावे आणि लांबलेल्या अंधारासाठी इंजीन अंगणातील छपराखाली असावे. ते पावसाळ्यापूर्वी एकदा चालवून पाहावयास मात्र विसरू नये.

लक्ष्मणरावांचे देहावसान ता. २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. त्यांच्या जन्मशताब्दीस, इ. स. १९६९ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. सांगली जिल्ह्यातील त्या माळावर आज गाडी थांबते, ते स्टेशन किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते.