असन्निधानातील निष्ठा : श्रीनागदेवाचार्य

प्रकाशा येथे तापी-गोमाईच्या संगमावर गुरू सिंह राशीस आला म्हणजे पर्वकाळ येतो; भाविक त्याची बारा वर्षे वाट पाहतात. त्या प्रतीक्षेस पंचांगाची निश्चिती असते. श्रीनागदेवाचार्य ऊर्फ भटोबास यांच्या प्रतीक्षेस अशी तिथी नव्हती.

१३ व्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केले. भटोबास विरहाने व्याकूळ झाले. तथापि स्वामींची आज्ञा शिरोधार्य मानून ते ऋद्धिपुरास गेले व श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. पुढे श्रीप्रभूंचेही प्रयाण झाले आणि सन्निधानाचा तोही आधार सरला.

असन्निधानी आचार करणाऱ्या जीवास परमेश्वर पुनश्च संबंध देऊन उद्धरील, एवढाच भरवसा आता उरला. अशा समयी दुर्बळ मन अन्य देवतेकडे धावते, अथवा वाट पाहणेच टाकून देते. भटोबासांनी स्मरण धरले. म्हाइंभटांनी विचारावे व त्यांनी लीळा सांगाव्यात, यातून लीळाचरित्र सिद्ध झाले. केशोबासांनी ग्रंथ संस्कृतात करू नये, अन्यथा साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, असा त्यांचा आग्रह होता. विखुरण्याजोगा परिवार त्यांनी भिक्षा, अटन व नामस्मरण यांच्या आचाराने एकत्र राखला.

स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक यांच्या ठायी आदर ठेवून आपणही तीच प्रतीक्षा करीत आहोत. फळाचा काळ परमेश्वराधीन आहे. आजचा नेम मात्र साधकाच्या स्वाधीन आहे. तो चुकू नये.

दंडवत प्रणाम.