लक्ष्मीचं चित्र आणि चित्राची लक्ष्मी

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीच्या हातात फार सुंदर कला आहे. जालन्यात नवं घर बांधलेल्या एका ओळखीच्या कुटुंबानं वास्तुशांतीच्या आधी तिला दिवाणखान्यासाठी लक्ष्मीचं मोठं चित्र काढायला सांगितलं. घरचा स्वयंपाक, मुलांचे डबे, सासूबाईंची औषधं सांभाळून ती पंधरा दिवस रात्री जागली. चित्र सगळ्यांना आवडलं. तिची ओटी भरली, वर एक साडी दिली. कॅनव्हास आणि रंगांचा खर्च मात्र तिच्याच पदरचा! देवीच्या चित्राचे पैसे मागायला तिला लाज वाटली.

तिनं ते चित्र एका जुन्या कॅलेंडरवरून काढलं होतं. कमळात उभी, चार हातांची, काठाची साडी नेसलेली लक्ष्मी. आपल्या देवघरात आणि दुकानात गल्ल्याच्या वर हेच रूप दिसतं, नाही का? हे रूप घरोघरी पोचवण्यात सगळ्यात मोठा वाटा आहे तो राजा रविवर्मा यांचा. म्हणून मैत्रिणींनो, आज त्यांचीच गोष्ट सांगते.

रविवर्मा यांचा जन्म 29 एप्रिल 1848 रोजी केरळातल्या किलीमानूर इथं झाला. घराणं त्रावणकोरच्या राजघराण्याच्या नात्यातलं. आई उमाअंबा स्वतः कविता करणारी. मामा राजराज वर्मा चित्रं काढायचे. लहानपणी रवी भिंतींवर चित्रं काढायचा. असं पोर आपल्या घरी असतं तर आपण काय केलं असतं ते सांगायला नको! पण मामांनी रागावण्याऐवजी त्याला शिकवायला घेतलं. चौदाव्या वर्षी ते त्याला त्रिवेंद्रमला महाराजांकडे घेऊन गेले.

तिथं शिकणं मात्र सोपं नव्हतं. तैलरंग तेव्हा नवे होते. दरबारातल्या चित्रकारानं ती विद्या द्यायचं नाकारलं. पुढे 1868 मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार आला. त्यानंही फक्त काम बघायची परवानगी दिली. रविवर्मा बघत राहिले आणि मग घरी येऊन, चुकत चुकत स्वतःच शिकले. शेजारणीचं भरतकाम बघून घरी येऊन उसवत-शिवत शिकलेल्या कितीतरी जणी आपल्यात आहेत. त्यांना हे चांगलं समजेल.

1870 मध्ये त्यांच्या आयुष्यात एक महत्त्वाची गोष्ट घडली. कोझिकोडचे सबजज्ज कृष्ण मेनन यांनी आपल्या कुटुंबाचं चित्र काढून मागितलं. पैसे घेऊन केलेलं हे त्यांचं पहिलं काम मानतात. राजघराण्याच्या नात्यातला माणूस दुसऱ्याच्या घरासाठी चित्र काढतो आणि त्याचा मोबदला घेतो, हे त्या काळात सहज पचणारं नव्हतं. चित्रकारी हे कारागिराचं काम, मोठ्या घरच्यांनी फार तर हौस म्हणून करावं, अशी समजूत होती. रविवर्मांनी ती ओलांडली.

1873 मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी व्हिएन्नालाही त्यांचं कौतुक झालं. मग राजे, दिवाण, इंग्रज अधिकारी अशा सगळ्यांकडून मागणी येऊ लागली. किलीमानूरला इतकी पत्रं यायची, की त्या छोट्या गावात पोस्ट ऑफिस उघडावं लागलं, असं सांगतात.

आपल्या मराठी मुलखाशी त्यांचं नातं जुळलं ते बडोद्यामुळे. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले सर टी. माधवराव तेव्हा बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या ओळखीनं 1881 मध्ये रविवर्मा बडोद्याला आले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेले सयाजीराव महाराज त्यांचे मोठे चाहते झाले. महाराजांनी 1888 मध्ये नव्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पुराणातल्या प्रसंगांची चौदा चित्रं सांगितली.

आता प्रश्न पडला, की सुभद्रेला, तारामतीला नेसवायचं काय? साऱ्या देशाला आपला वाटेल असा पोशाख शोधायला रविवर्मा आणि त्यांचा धाकटा भाऊ सी. राजराज वर्मा उत्तर हिंदुस्थानभर हिंडले. शेवटी निवड झाली ती साडीची. पुराणातल्या बायका साडी नेसून समोर आल्या आणि बघणाऱ्याला त्या आपल्या घरातल्याच वाटू लागल्या. चित्रं 1890 मध्ये पूर्ण झाली. लोकांना दाखवण्यासाठी ठेवली तेव्हा बघायला गर्दी लोटली.

पण राजवाड्यातलं चित्र गरिबाच्या घरी कसं जाणार? त्यासाठी त्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. लक्ष्मी, सरस्वती रंगीत छापून बाजारात आल्या आणि ज्यांना चित्रकाराला बोलावणं जन्मात परवडलं नसतं, त्यांच्याही भिंतीवर लागल्या. पुढे मुंबईत प्लेगची साथ आली. 1899 मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तोटा वाढत गेला आणि अखेर तो त्यांच्या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. चित्रकलेत यशस्वी झालेल्या माणसालाही धंद्याचं गणित जमलं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. रविवर्मांची धाकटी बहीण मंगलाबाई हीदेखील उत्तम चित्रं काढायची. तिनं काढलेलं भावाचं व्यक्तिचित्र आजही जपून ठेवलेलं आहे. एकच घर, तेच रंग! भाऊ मात्र कामं घेत देशभर फिरला, सोबत धाकटा भाऊ होता. पत्नी भागीरथी मावेलीकराला घर सांभाळत राहिली. आणि मंगलाबाईची ओळख राहिली ती रविवर्मांची बहीण एवढीच. तिच्या चित्राला किंमत विचारायला किती लोक आले असतील?

1904 मध्ये रविवर्मांना सरकारनं कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. 2 ऑक्टोबर 1906 रोजी किलीमानूरलाच त्यांचं निधन झालं. 1979 मध्ये भारत सरकारनं त्यांची चित्रं राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केली. पैसे घेतले म्हणून त्यांच्या लक्ष्मीचं पावित्र्य कुठं कमी झालं? आपण आजही तिच्यापुढे उदबत्ती लावतोच ना!

परवा माझ्या त्या मैत्रिणीला दुसऱ्या एका घरून राधाकृष्णाच्या चित्रासाठी निरोप आला. यावेळी आम्ही दोघी वही घेऊन बसलो. कॅनव्हास किती, रंग किती, फ्रेम किती आणि तिचे दिवस किती, सगळं मांडलं. अर्धे पैसे आधी, अर्धे चित्र नेताना. आकडा सांगताना तिचा आवाज जरा कापला, पण तिनं सांगितला. समोरच्या वहिनींनी काहीही घासाघीस न करता होकार दिला. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल, तर तिची ओटी जरूर भरा. पण आधी तिच्या कामाचे पैसे द्या, बरं का!