एंटरप्राइझचा कप्तान

मुलांनो, तुम्ही नकाशात भूमध्य समुद्र पाहिला असेल. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर त्रिपोली हे बंदर आहे. आज ते लिबिया देशाची राजधानी आहे. सुमारे दोनशे वीस वर्षांपूर्वी या बंदरात पंचवीस वर्षांच्या एका तरुणाने आपल्याच देशाचे जहाज जाळून टाकले. त्याबद्दल त्याला शिक्षा झाली नाही, उलट बढती मिळाली! त्याचे नाव स्टीफन डिकेटर.

स्टीफनचा जन्म ५ जानेवारी १७७९ रोजी अमेरिकेतील मेरीलँड येथे झाला. त्याचे वडील जहाजाचे कप्तान होते. लहानपणी स्टीफनला डांग्या खोकला झाला. तो काही केल्या बरा होईना, म्हणून वडिलांनी त्याला समुद्रसफरीवर नेले. खोकला गेला, पण समुद्राचे वेड मात्र कायमचे लागले. मुलाने धर्मगुरू व्हावे असे आईला वाटे. तो १७९८ मध्ये आरमारात दाखल झाला.

अमेरिका तेव्हा नवे प्रजासत्ताक होते. इंग्रजांचे राज्य गेले, तसे इंग्रजी आरमाराचे संरक्षणही गेले. भूमध्य समुद्रात व्यापार करायचा, तर उत्तर आफ्रिकेतील राज्यकर्त्यांना खंडणी द्यावी लागे. युरोपातील मोठी राज्येही ती देत असत. त्रिपोलीच्या युसुफ पाशाने खंडणी वाढवून मागितली. ती मिळेना, तेव्हा १८०१ मध्ये त्याने युद्ध पुकारले.

या युद्धात ‘एंटरप्राइझ’ नावाचे एक लहानसे शिडाचे लढाऊ गलबत होते. लांबी सुमारे ८४ फूट आणि तोफा अवघ्या १२. पण ते मोठे चपळ होते. १८०३ च्या अखेरीस डिकेटर त्याचा कप्तान झाला.

त्याच सुमारास ‘फिलाडेल्फिया’ हे ३६ तोफांचे मोठे अमेरिकन जहाज त्रिपोलीजवळ खडकात रुतले. पाशाच्या लोकांनी ३०७ जणांना कैद केले आणि जहाज बंदरात आणून उभे केले. आता त्याच्या तोफा अमेरिकेवरच चालणार होत्या. जहाज बाहेर काढणे कठीण, म्हणून ते जाळायचे ठरले. हे काम डिकेटरने आपणहून मागून घेतले.

एंटरप्राइझने पूर्वी पकडलेले त्रिपोलीचे एक गलबत त्याने घेतले. बरोबर सत्तर-ऐंशी माणसे होती, त्यांतील बरीचशी एंटरप्राइझवरची. वाटेत भयंकर वादळ झाले. अन्न खराब झाले. दाटीवाटीने कित्येक दिवस काढावे लागले. अखेर १६ फेब्रुवारी १८०४ च्या रात्री गलबत बंदरात शिरले. सैनिक लपून बसले होते. सिसिलीचा एक वाटाड्या पहारेकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलला. वादळात नांगर गेले आहेत, रात्रीपुरते तुमच्या जहाजाला बांधून घेऊ द्या, अशी त्याने विनंती केली. ती मान्य झाली. विचार करा, त्या क्षणी सर्वांचे प्राण त्या एका माणसाच्या जिभेवर होते!

मग एकदम हल्ला झाला. बंदुका वाजवायच्या नव्हत्या, केवळ तलवारी चालल्या. थोड्याच वेळात जहाज पेटले. सर्वांत शेवटी डिकेटर उतरला. त्याचा एकही माणूस मेला नाही. त्रिपोलीचे सुमारे वीस पहारेकरी मारले गेले. ते कैदी मात्र सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी १८०५ मध्ये ६०,००० डॉलर मोजावे लागले. आणि १८०४ च्याच ऑगस्टमध्ये तेथील लढाईत डिकेटरचा धाकटा भाऊ जेम्स मारला गेला.

पुढे डिकेटरने इंग्रजांशीही लढाया केल्या. मृत्यू मात्र समुद्रावर आला नाही. बॅरन नावाच्या अधिकाऱ्याला नोकरीवरून दूर करणाऱ्या लष्करी न्यायालयात डिकेटर होता. पुढेही त्याने बॅरनला परत घेण्यास विरोध केला. हा राग वाढत गेला आणि २२ मार्च १८२० रोजी दोघांनी एकमेकांवर पिस्तुले रोखली. दोघेही जखमी झाले. बॅरन वाचला, डिकेटर त्याच रात्री वारला. तो अवघा ४१ वर्षांचा होता.

एंटरप्राइझ त्याच्यानंतर तीन वर्षे टिकले. १८२३ मध्ये वेस्ट इंडीजमधील एका लहान बेटाजवळ ते फुटले. त्यावरचे सगळे खलाशी वाचले.